घरधन्याला बाहेर काढ रे म्हाराजा

…आणि देवाला मध्ये घालायचं काही कारण होतं का, सांगा ना! नवरा-बायकोचं भांडण आहे, घरात मिटवा, नाही मिटलं तर माहेरी फोन करा, मुलाला फोन करा… पण थेट देव? तुम्हाला सांगतो, अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात देवाच्या हुकमाने घराबाहेर काढलेला नवरा मी एकटा! बसा, बसा ना. मी उठत नाही, राग मानू नका, मला खुर्चीतून हलायची बंदी आहे, मानसुद्धा वळवायची नाही. कारण येईलच ओघात. तोवर तुम्हीच जरा समोर सरका.

मी लवू पाष्टे. पोफळीच्या वीजघरात बत्तीस वर्षं काढली. डोंगराच्या पोटात नोकरी, बाहेर ऊन आहे की पाऊस ते ड्यूटी संपल्यावर बोगद्यातून बाहेर आलं की कळायचं. समोर भिंतभर काटे, दर तासाला त्यांचं रीडिंग घ्यायचं. रिटायर झालो, इथे आमच्या वाडीत घर बांधलं होतं तिथे राहायला आलो, आणि काटे संपले हो! मग माणूस काय करणार? कुकरच्या शिट्या मोजणार! "मालन, काल तीन शिट्या, आज चार, असं का?" मालन म्हणजे आमची ही. "मालन, गॅसची ज्योत पिवळी दिसत्ये." "मालन, पंप अकरा मिनिटं चालला, काल नऊ चालला होता." तिच्या भल्यासाठीच ना? सकाळी आठ वाजता पडवीत खुर्ची टाकायची, पेपर घ्यायचा, आणि तिथून सगळ्या घरावर लक्ष ठेवायचं. आठ महिने ठेवलं. एका शब्दाने तक्रार नाही तिची! मला वाटलं, सुखात आहे.

मग आला शिमगा. तुम्ही कोकणातले असाल तर सांगायला नको, नसाल तर ऐका, शिमग्याला आमचा देव देवळात बसत नाही, पालखीत बसून घरोघर येतो. ढोल-ताशे, गुलाल, अंगणात पालखी नाचवायची, मग ती पाटावर बसवायची, बायका ओटी भरतात, घरवाला नारळ ठेवतो, आणि मानकरी गाऱ्हाणं घालतात. म्हणजे ह्या घराला काय हवं-नको ते देवाला मोठ्याने सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" एकदा व्हय म्हटलं की झालं, ठराव पास.

आमचे मानकरी भागोजीतात्या. आवाज असा की पलीकडच्या वाडीतली कुत्री उठतात. तात्यांनी सुरू केलं, "हे बा देवा म्हाराजा! आज तुजी पालखी ह्या लवूच्या दारात बसली हाय, तुज्या लेकरान नारळ ठेवलाय तो मान्य करून घे रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा! "त्येच्या विनीतला मुंबयत चांगलं दिवस दाखव रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा! "त्येच्या कलमांवर मोहोर टिकव रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा! आणि तेवढ्यात मालन पुढे झाली, डोक्यावरचा पदर सावरला आणि तात्यांच्या कानात काहीतरी पुटपुटली. तात्यांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग घसा साफ केला. "आनि… ह्या घरधन्याला रोज सकाळच्या पारी… घराच्या भायर काढ रे म्हाराजा!"

व्हय म्हाराजाऽऽ! अख्खी वाडी हो! पोरं, बायका, ढोलवाले… आणि काय सांगू, सवयीने मीसुद्धा!

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडला, तर अंगणातून केरू जात होता, आमचा शेजारी, ढोल तोच वाजवतो. "काय लवूभाऊ, अजून घरातच? आमी व्हय म्हटलंय हां!" पाच मिनिटांनी त्याची बायको. "भाऊजी, देवाच्या शब्दाबाहेर जाताव तुमी?" दुधवाला थांबला, त्याने तर नुसतं घड्याळ दाखवलं! शेवटी उठलो. आमच्या मुलाने, विनीतने, लॉकडाऊनमध्ये घेतलेली गिअरची सायकल पडवीत उभी होती. त्याने आठ दिवस चालवली होती, त्यानंतर तिच्यावर आमची पायपुसणी वाळायची. पायपुसणी काढली, हँडलला लटकणारं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि निघालो. कुणाच्या हुकमाने? व्हय म्हाराजा!

त्या सायकलला घंटी नाही, स्टँड नाही, कॅरिअर नाही, आणि गिअर एकवीस! बत्तीस वर्षं मशिनरीत काढली मी, पण ह्या बटणांनी मला रडवलं. चढावर पाय भिंगरीसारखे फिरतात आणि सायकल जागची हलत नाही, उतारावर पाय हलत नाहीत आणि सायकल थेट भाट्याच्या पुलावर! पहिल्या आठवड्यात मिरकरवाड्याला गेलो. जेटीवर मासळीचा लिलाव चालला होता, म्हटलं बघू या गंमत. बघता बघता घाम पुसायला हात वर केला… "हेल्मेटवाल्यांनी घेतली!" लिलाव करणारी बाई ओरडली. काय घेतली? बांगड्यांची अख्खी टोपली! आता नाही म्हणायची सोय आहे का तिथे? टोपली हँडलला अडकवली, घरापर्यंत मागे सात मांजरं. मला वाटलं, मालन आता फाडून खाणार. तर ती हसली! बांगडे साफ करायला बसली आणि म्हणाली, "उद्या कुठे जाताय? वाईच लांब गेलात तरी चालेल."

हलत नाही गो! नुसते ओठ हलतायत!… तुम्ही लक्ष देऊ नका, ऐका.

तर लागली हो चटक! रविवारी सायकलवाल्यांचा एक ग्रुप निघतो, त्यांची पुढारी ऋतिका, दातांची डॉक्टर आहे, तिने मला पकडलं. "काका, आरे-वाऱ्याला चला." गेलो. "काका, गिअर डाऊन!" "डावा की उजवा?" "उजवा!" "वर की खाली?" "काका, तोंड बंद, पाय चालू!" दातांची डॉक्टर तोंड बंद करायला सांगते म्हणजे बघा! पण वळण संपलं आणि खाली तो समुद्र दिसला ना… निळा, लांबच लांब, एक होडी नाही… मी सायकल टाकून रस्त्याच्या कडेला बसलोच. जन्माने रत्नागिरीचा मी, एकसष्ट वर्षांचा. हे घरापासून पंचवीस किलोमीटरवर होतं आणि मी कुठे होतो? डोंगरात!

पुढच्या रविवारी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर नेलं. कातळावर कोरलेली चित्रं, हजारो वर्षांपूर्वीची म्हणतात, हत्ती, मासा, माणूस. आणि हसू नका, ह्याच सड्यावर लहानपणी मी गुरं राखली आहेत! त्या माशाच्या पोटावर बसून भाकरी खाल्ली आहे! पायाखाली मासा होता आणि दिसला नाही. ऋतिका म्हणाली, "काका, इतकी वर्षं बघितलाच नाहीत?" काय सांगणार तिला? मला मनापासून लाज वाटली.

मग काय, मी सुटलोच! गौरी-गणपतीत पलीकडच्या वाडीतला जाखडी नाच, नवरात्रात कुठल्या गावची जत्रा, त्रिपुरी पौर्णिमेला कुठल्या देवळातली दीपमाळ… सायकल काढायची की निघालो. रोज सकाळी तर ठरलेलंच, मालन डब्यात घावन बांधून द्यायची आणि विचारायची, "किती वाजता याल? नक्की? साडेदहाच्या आत नाही ना?" किती काळजी करते बायको, मी म्हणायचो! घरात टर्पेंटाइनचा वास यायचा. मला वाटायचं, कपाटाला पॉलिश करते.

जानेवारीत एका रविवारी ऋतिका म्हणाली, "काका, राजवाड्याच्या रस्त्याला हॉलमध्ये आपल्याकडच्या चित्रकारांचं प्रदर्शन आहे, येता येता बघू या." गेलो, हेल्मेट घालूनच. आत शिरल्यावर पहिली मला आवडली ती काळी, देखणी, पितळी बटणांची चौकट. पाच मिनिटं उभा राहून बघितली, तर ऋतिका म्हणते, "काका, तो स्विचबोर्ड आहे, चित्रं इकडे." बरं, इकडे. समुद्र, होड्या, कलमाची बाग, पुन्हा समुद्र… आणि कोपऱ्यात गर्दी. लोक हसत होते आणि थांबून थांबून बघत होते. एक बाई म्हणाली, "चेहरा दिसत नाही, तरी किती हट्टी माणूस वाटतो ना!" मी टाचा वर करून बघितलं.

चित्रात एक पाठ होती. बनियन घातलेली पाठ, डाव्या खांद्यावर भोक. बोडकं डोकं, कानाजवळ उठलेले चार केस. खुर्चीची तुटलेली पट्टी निळ्या नायलॉनच्या दोरीने बांधलेली… आणि ती गाठ! ती गाठ पोफळीत शिकलेल्या माणसाशिवाय कुणी बांधूच शकत नाही! पलीकडे सगळा उजेड, फणस, वाळत घातलेली लुगडी, सोन्यासारखं ऊन, आणि मध्ये, बरोब्बर मध्ये, ही पाठ. खाली चिठ्ठी. चित्राचं नाव, 'अडथळा'. चित्रकार, मालन पाष्टे.

ऋतिकाने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पाठीकडे बघितलं, आणि म्हणाली, "काका… खांद्यावरचं भोक अजून आहे?" आहे हो! त्या दिवशीही होतं!

सायकल कशी मारली मला आठवत नाही. घरी आलो, म्हटलं, "मालन! हे काय आहे?" ती शांतपणे ब्रश पुसत होती. "पडवीत आठ ते दहा उजेड चांगला असतो," म्हणाली, "आणि तुम्ही नेमके त्या उजेडात पेपर घेऊन बसायचात." "मग मला सांगायचंस!" "सांगितलं. चारदा. तुम्ही म्हणालात, थांब, शिट्या मोजतोय." आणि मग तिने ट्रंक उघडली. पोफळीपासूनची चित्रं हो! माझ्या रद्दी झालेल्या रीडिंगच्या कागदांच्या पाठीवर, पेन्सिलने! कॉलनीतल्या बायका, धरण, विनीत पाळण्यात, मी ड्यूटीवरून आल्यावर झोपलेला… मला वाटायचं, वाण्याची यादी लिहिते. तुम्हाला खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "मासा पायाखाली होता गो, आणि मला दिसला नाही." ती म्हणाली, "कुठला मासा? बांगडे संपले."

तर झालं, मिटलं, मी ठरवलं, आता जन्मभर सकाळी बाहेर! उजेड तिचा, रस्ते माझे! यंदा शिमग्याला पालखी आली तेव्हा मी तर नाचत पुढे. भागोजीतात्यांचं गाऱ्हाणं सुरू झालं, मी मनात म्हणतोय, देवा, आहे हे असंच ठेव… आणि मालन पदर सावरत पुढे! पुन्हा तात्यांच्या कानात! तात्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं!

"आनि… ह्या घरधन्याचा चेहरा काडायचा ऱ्हायला हाय… तवा त्येला रोज आठ ते धा पडवीत खुर्चीवर बसव… आनि वाईच सुद्दा हलू देव नको रे म्हाराजा!"

व्हय म्हाराजाऽऽ! आणि सवयीने मीसुद्धा!

म्हणून बसलोय. म्हटलं, रविवारी तरी सुट्टी? तर म्हणते, "रविवारी उजेड नसतो?" आज रविवारच आहे. मघाशी ग्रुप गेला रस्त्याने, ऋतिका ओरडली, "काका, येताय?" हातसुद्धा हलवता आला नाही. समोर सायकल दिसते, तिच्यावर पुन्हा पायपुसणी वाळतायत. पण खरं सांगू? बरं वाटतं. रोज दोन तास ती माझ्याकडे बघते. लग्नातसुद्धा इतकं बघितलं नव्हतं.

आणि हलू देऊ नको एवढंच सांगितलं देवाला, बोलू देऊ नको हे सांगायची विसरली. म्हणून तर तुम्ही सापडलात! काय गो? काय म्हणालीस?… पुढच्या शिमग्याला लक्षात ठेवशील?

…व्हय म्हाराजा.