पाठमोरा मुलगा

ताई : असं नाही चालणार रे. त्या मुलाच्या तोंडी तू अर्ध्या पानाचं भाषण घातलंयस, आणि पडद्यावर तो जेमतेम एक श्वास घेऊन गप्प होतो.

भाऊ : तो पाठमोरा आहे, ताई. ओठ दिसतच नाहीत. डबिंगमध्ये काहीही बसतं तिथे.

ताई : वाहिनीचे साहेबही तेच म्हणतात. ओठ दिसत नाहीत, तर त्याला ‘चला, दाखवतोच यांना’ असं म्हणायला लावा.

भाऊ : कधी म्हणाले?

ताई : सकाळी. तुझं जेवण होऊ दे मग सांगावं, असं ठरवलं होतं मी.

भाऊ : अगं, अख्ख्या मालिकेत तो मुलगा एकदाच ‘नाही’ म्हणतो. बाप आत अंथरुणाला खिळलाय, बंदरातली माणसं दारात येऊन उभी आहेत, समुद्रातून ते धूड वर येतंय, आणि बापाचा यंत्रमानव चालवायला दुसरं कुणी नाही. तेव्हा हा पायरीवर बसून म्हणतो, मी नाही बसणार त्याच्यात. आणि त्यावर ‘दाखवतोच यांना’? मग पुढचे सगळे भाग कशासाठी बघायचे?

ताई : मला काय ओरडतोस? मी काढलीय का मालिका?

भाऊ : फोन लाव त्यांना.

ताई : तू बोलणार नसशील तर लावते.

भाऊ : नाही बोलत. लाव.

(फोन स्पीकरवर.)

साहेब : बोला मॅडम. एपिसोड थ्री लॉक झाला?

ताई : तेवढा पायरीचा प्रसंग राहिलाय, साहेब. आमचं म्हणणं होतं, मूळचा अर्थ ठेवावा.

साहेब : मॅडम, आपला ऑडियन्स कोण? शाळेतली मुलं. हीरो पहिल्याच फाइटच्या आधी रडत बसला तर चॅनल बदलतील ती.

भाऊ : तो रडत नाही. नकार देतो.

साहेब : अच्छा, रायटरसाहेबपण आहेत का. बघा, हा एपिसोड लागेल त्याच आठवड्यात खेळण्यातला रोबो दुकानात येतोय. ज्याच्यात बसायला हीरोच नको म्हणतो, तो रोबो आईबाप विकत घेतील का? जरा प्रॅक्टिकल व्हा. पाठमोरा शॉट आहे, सोन्यासारखी संधी आहे.

भाऊ : संधी?

ताई : साहेब, मी संध्याकाळच्या आत कळवते. ठेवते.

भाऊ : झालं. माझं नाव काढून टाक श्रेयनामावलीतून. दुसरा कुणीतरी बघ. ‘दाखवतोच यांना’ लिहायला लेखक कशाला लागतो, रस्त्यावरचा कुणीही लिहील.

ताई : बस खाली.

भाऊ : तुला कळतच नाही हे काय आहे ते. तुझ्यासाठी हा नुसता माल आहे, आला, आवाज चढवला, पाठवला. ह्या गोष्टींचा जन्म झाला ना, तेव्हा यंत्रमानव लांबून चालवायचे. पोरगं बाहेर उभं राहून बटणं दाबणार आणि ते लोखंडी धूड त्याचं ऐकणार. गुणी कुत्र्यासारखं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की पोराला आतच बसवू. तिथून सगळं फिरलं. आता यंत्राला ठोसा बसला की पोराचे दात हलतात.

ताई : हे तू मला लहानपणापासून सांगतोयस.

भाऊ : आणि तू लहानपणापासून ऐकत नाहीस. खेळणीवाले तर तेव्हापासूनच मानगुटीवर आहेत. दर थोड्या भागांनी नवं शस्त्र पाहिजे, नवा रंग पाहिजे, दुकानात मांडायला. पण त्यातूनही लिहिणाऱ्यांनी वाट काढली. खेळण्यांच्या नावाखाली त्यांनी लढाई दाखवली, खरी. इंधन संपतं, सुटे भाग मिळत नाहीत, समोरच्या यंत्राचं झाकण उघडावं तर आत आपल्यासारखंच घाबरलेलं पोरगं. आणि मग कधीतरी असे नायक आले, ज्यांना आत बसायचंच नव्हतं.

ताई : एवढी वर्षं लागली एका पोराला ‘नाही’ म्हणायला?

भाऊ : थट्टा करू नकोस.

ताई : थट्टा नाही करत. विचारतेय. तुला काय आवडतं रे त्यात? एवढा जीव टाकतोस ते.

भाऊ : काय म्हणजे, लहान जिवाला मोठं अंग मिळतं. ज्याला वर्गात कुणी विचारत नाही तो उठून उभा राहतो, आणि इमारती त्याच्या कमरेला लागतात. मला काय होतं लहानपणी? कुणाशी धड बोलता यायचं नाही. इथे अण्णांच्या स्टुडिओत येऊन कोपऱ्यातल्या मॉनिटरवर परदेशी टेपा बघत बसायचो, तेवढ्यापुरता मोठा व्हायचो.

ताई : बघत बसायचास. आणि त्या टेपा लावायचं कोण?

भाऊ : तू.

ताई : का मी? अण्णा का नाही?

भाऊ : अण्णा आजारी होते ना.

ताई : लकव्याने अण्णांचा उजवा हात गेला, तेव्हा शाळेचं शेवटचं वर्ष होतं माझं. पोहण्याच्या संघात निवड झाली होती. दुसऱ्या गावी राहायचं, तिथेच शिकायचं, सगळं ठरलं होतं. नवा पोशाखसुद्धा आणला होता आईने.

भाऊ : हे मला कुणी सांगितलं नाही.

ताई : तू इतकुसा होतास, तुला काय सांगणार? अण्णांना इथे खुर्चीत आणून बसवलं, पण बटणांवर हात चालेना. बाहेर कलाकार येऊन थांबलेले. अण्णांनी डाव्या हाताने हेडफोन माझ्याकडे सरकवले. बस, एवढंच. ‘बस’ म्हणालेही नाहीत.

भाऊ : मला वाटायचं, तुला हे काम आवडतं.

ताई : आवडतं की. नंतर आवडायला लागलं. पण आधी कुणी विचारलं नव्हतं, ते काही त्याने पुसलं जात नाही. आणि तू म्हणतोस मला कळत नाही. मोठं अंग मिळतं म्हणे. मिळतं बाबा. मग ते रोज ओढायला लागतं. त्याचं भाडं भरा, त्याच्या तारा बदला, त्याच्यासाठी असल्या साहेबांचे फोन घ्या. तू उठून जाशील आत्ता, नाव काढून टाक म्हणशील. मला माझं नाव कुठून काढता येतं का?

भाऊ : ताई.

ताई : जाऊ दे. कामाचं बोल. मला साहेबांचा राग आहेच, पण तुझ्या भाषणाचाही आहे. ‘माझ्यावर लादलेल्या या वारशाचा मी धिक्कार करतो.’ कोण बोलतं असं? त्या वयाचं पोर बोलेल?

भाऊ : मग काय बोलेल? चार दिवस डोकं फोडतोय. नुसतं ‘मी नाही बसणार’ लिहिलं तर हट्टी वाटतो. समजावून लिहिलं तर म्हातारा वाटतो.

ताई : हं.

भाऊ : तू काय म्हणालीस? अण्णांनी हेडफोन पुढे केले तेव्हा.

ताई : मी?

भाऊ : काहीतरी म्हणाली असशील ना.

ताई : मी म्हणाले, ‘अण्णा, ही खुर्ची मला मोठी होते.’

भाऊ : एवढंच?

ताई : एवढंच. सगळे हसले. आणि मी बसले.

भाऊ : थांब जरा. तो प्रसंग परत लाव. पाठमोरा बसून मान खाली घालतो, तिथून लाव. यंत्रमानवातल्या बापाच्या खुर्चीबद्दल म्हणू दे त्याला, ‘ती खुर्ची मला मोठी होते.’ परत लाव. ताई, बसतंय. श्वासासकट बसतंय.

ताई : बसतंय खरं.

भाऊ : यात कुठेच ‘नाही’ नाही. आणि ‘नाही’शिवाय दुसरं काही नाही. लाव फोन.

ताई : तू गप्प बसशील?

भाऊ : बसेन. या वेळी खरंच.

साहेब : बोला मॅडम.

ताई : साहेब, नकार काढून टाकलाय. बंदरातली माणसं यंत्रमानव दाखवतात, तेव्हा मुलगा म्हणतो, ‘ती खुर्ची मला मोठी होते.’ मग उठतो आणि चालायला लागतो.

साहेब : खुर्ची मोठी होते? अरे वा. फनी आहे. मुलं हसतील. बघा, थोडं लाइट ठेवलं की कसं छान जमतं. करा ओके.

ताई : आभारी आहे. ठेवते.

भाऊ : त्यांना विनोद वाटला.

ताई : वाटू दे.

भाऊ : वाटू दे काय? माझ्या अंगाचा तिळपापड होतोय. इतकं चांगलं वाक्य, आणि ते हसायचं म्हणून मंजूर झालं. उद्या जाहिरातीत वापरतील, मोठ्या खुर्चीत छोटा रोबो बसवून.

ताई : वापरतील. तरी वाक्य जिथे असायला हवं तिथे राहील. कुठल्यातरी घरात एखादं पोर ऐकेल आणि हसणार नाही. मला तेवढं पुरे. तुला नसेल पुरत तर तुझं तू बघ.

भाऊ : नाव राहू दे माझं.

ताई : काढलंच कुठे होतं. चल, मुलाचा आवाज देणाऱ्या बाई आल्यात, चपला वाजल्या त्यांच्या. कागदावर लिहून दे मोठ्या अक्षरात.

भाऊ : त्यांनी विचारलं, वाक्य कसं म्हणायचं, तर काय सांगू? घाबरून? चिडून?

ताई : दोन्ही नको. घरात आजारी माणसाचा डोळा लागलेला असतो ना, तेव्हा आपण बोलतो, तसं म्हणा म्हणावं.