आमदारसाहेबांचा आशीर्वाद

हावड्याच्या घाटावर बोटीच्या रांगेत सुहासिनीच्या मागे एक जोडपं मराठीत बोलत होतं, आणि तेही गेल्या महिन्यात वारलेल्या तिच्या आमदार वडिलांबद्दल. तिने मान वळवली नाही. कान मात्र मागे लावले.

"शोकसभेत मी काय बोलू, गौरी? साहेब आमच्या मतदारसंघाचे म्हणून इथल्या महाराष्ट्र मंडळाने भाषण माझ्या गळ्यात घातलंय."

"सहा वेळा निवडून आले, हे सांग."

"विधानसभेत कधी तोंड उघडलं नाही, हेही सांगू?"

"हळू बोल."

"इथे कोणाला मराठी कळतंय?"

"मग आपल्या लग्नाचं सांग. भटजी ताटकळले, मुहूर्त टळला, तेव्हा कुठे साहेब उगवले. आणि माईक हातात घेऊन आशीर्वाद कुणाला, तर चिरंजीव दिगंबर आणि सौभाग्यकांक्षिणी मंदा यांना."

"दिवसाला दहा मांडव करायचे गं. आधीच्या मांडवातली नावं तोंडात राहिली असतील."

"आणि तुझे बाबा टाळ्या वाजवत होते."

"सगळेच वाजवत होते. मतंही त्यांनाच दिली. पण हे सभेत कसं सांगू? त्यांची मुलगी इथेच कोलकात्यात असते, ती समोर बसलेली असणार."

सुहासिनी वळली.

"माझ्या लग्नात बाबांनी जावयाचं नाव चुकवलं होतं."

रांग पुढे सरकली, ती दोघं जागच्या जागी उभी. मग तो म्हणाला, "ताई, हे सभेत सांगितलं तर चालेल?"

"ते मी सांगणार आहे. तुम्ही तुमचं सांगा."