दार वाजवून येणारी आई

या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या गावच्या राणीमाता नाना आफ्राकोमा. व्यासपीठावरचे पास्टर ओफोरीसाहेब. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर सेनामेबाई. हा समारंभ ठरवून सकाळपासून चुलीपुढे राबलेल्या चर्चच्या महिला मंडळाच्या भगिनी. माझ्या हातचा मार खाऊन आज माझ्या दुप्पट झालेले माझे विद्यार्थी. आणि आजची सत्कारमूर्ती, माझी धाकटी बहीण सेरवा. आपणा सर्वांना या अंपोन्सा मास्तराचा आदरपूर्वक नमस्कार.

पास्टरसाहेबांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. जन्मभर मुख्याध्यापकी केलेल्या माणसाला दहा मिनिटं देणं म्हणजे उपाशी माणसाला फुफूच्या गोळ्याचा नुसता वास देणं. तरी प्रयत्न करतो. आणि तो बँडवाला पोरगा मधेच तोंडाला तुतारी लावतोय, त्याला कुणीतरी आवरा. अजून संपलेलं नाही म्हणावं.

माझ्या आधीचे वक्ते म्हणाले की सेरवानं परदेशात जाऊन गावाचं नाव उज्ज्वल केलं. ऐकायला छान वाटलं. पण नेमकं तिथं ती काय करत होती, हे सगळ्यांनी शिताफीनं गिळलं. मी सांगतो. ती बावीस वर्षं हॅम्बुर्गच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना न्हाऊमाखू घालत होती, भरवत होती, त्यांची अंथरुणं बदलत होती. यात लपवण्यासारखं काय आहे? व्यासपीठावरच्या आम्हां मंडळींना लवकरच अशीच कुणीतरी लागणार आहे.

जाताना ही कशी होती, ते जुन्या लोकांना आठवत असेल. कुमासी शहराच्या बाजारात एकटी जायची नाही. गर्दीत माझ्या शर्टाचं टोक धरून चालायची, लग्न झाल्यावरसुद्धा. नवरा गेला, पदरात न्यार्को. एका ओळखीनं हॅम्बुर्गच्या कामाचं जमलं, पण लेकराला नेता येत नव्हतं. बसस्टँडवर मी होतो आणि माझी बायको पोकुआ होती. न्यार्को पोकुआच्या पाठीशी बांधलेला, गाढ झोपेत. सेरवा त्याला उठवायला गेली तर पोकुआनं तिचा हात धरला.

"झोपू दे त्याला."

"वहिनी, एकदा त्याला माझं तोंड बघू दे ना."

"त्यानं बघितलं तर तुझं पाऊल उचलायचं नाही. जा तू. मी आहे."

ती गेली. न्यार्को वाटेत जागा झाला आणि त्यानं पाव मागितला. आईबद्दल संध्याकाळपर्यंत विचारलं नाही. संध्याकाळी विचारलं, आणि मग बरेच दिवस विचारत राहिला. पुढे विचारायचं थांबला. त्या थांबण्यानं आम्हांला तेव्हा हायसं वाटलं होतं, हे आज या ठिकाणी कबूल करतो.

पाणी नको, राहू द्या. बोलतो.

तिकडं सेरवा बदलत गेली. शर्टाचं टोक धरणारी ही मुलगी बर्फात सायकल चालवायला शिकली. गोऱ्या साहेबाशी त्याच्याच भाषेत भांडायला शिकली. इथून कुणी हॅम्बुर्गला निघालं की पोकुआ त्याच्याबरोबर शिटोच्या तिखट चटणीची बाटली धाडायची. तिच्या शिटोत सुकी मासळी एवढी असायची की बाटली उघडली की शेजारच्या गल्लीतलं मांजर यायचं. एकदा बाटली सामानातच फुटली आणि सेरवाला धाडलेल्या नव्या कोटावर सगळं सांडलं. तो कोट तिनं हिवाळाभर तसाच घातला. गाडीत तिच्या शेजारी कुणी बसेना. फोनवर मला म्हणाली, "दादा, सगळी गाडी नाक धरून बसते आणि मी मात्र घरी असते." आम्ही हसलो. ती हसली की नाही, हे फोनवर नीट कळलं नाही.

फोन दर रविवारी यायचा, चर्च सुटल्यावर. न्यार्को आठेक वर्षांचा असेल, एका रविवारी झाडावर चढून बसला. उतरेना. पोकुआ खालून ओरडली, "उतर मेल्या, आई फोनवर थांबली आहे तुझी!" तर वरून म्हणतो कसा, "आई खाली उभी आहे की!"

पोकुआनं त्या दिवशी त्याला चांगलाच बदडला. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

डॉक्टर सेनामेबाई आपल्या भागातल्या नाहीत, म्हणून एक गोष्ट त्यांच्यासाठी सांगतो. बाकीच्यांनी तेवढ्यात पंखा हलवून घ्यावा. आमच्यात मूल आईच्या घराण्याचं. म्हणजे माझी पोटची मुलं ती पोकुआच्या घराण्याची, आणि बहिणीचा न्यार्को तो माझ्या घराण्याचा. पोकुआनं जन्मभर ज्याला पाठीवर, कडेवर आणि पुढं पुढं डोक्यावर वागवलं, तो रिवाजानं तिचा कुणीच नव्हता.

हे एरवी कुणाच्या ध्यानात येत नाही. मयतीला येतं.

पोकुआ गेली तेव्हा सेरवा कायमची परत यायच्या तयारीतच होती. तिचं इथलं घर बांधून झालं होतं. न्यार्कोच्या खोलीला तिनं स्वतः फोनवरून रंग सांगितला होता. आपल्याकडे परदेशातलं माणूस येईपर्यंत माती थांबते, तशी माझ्या पोकुआची माती थांबली. सेरवा आदल्या संध्याकाळी पोचली. दुसऱ्या दिवशी अंगणात तुम्ही बहुतेक जण होतात. पण मागं बसलेल्यांना तेव्हा ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगतो.

पोकुआच्या मुलांच्या कपाळाला लाल पट्ट्या बांधायची वेळ आली. माझी तिन्ही मुलं पुढं झाली. त्यांच्या मागोमाग न्यार्को. पोकुआच्या घराण्याचे थोरले, बोआडू आजोबा, यांनी काठी आडवी धरली.

"तू कुठं निघालास?"

"पट्टी बांधायला."

"तू आमचा नव्हेस, बाळा. तू मास्तरांच्या घरचा."

"आजोबा, मी तिचा आहे."

बोआडू आजोबा माणूस वाईट नव्हे. रिवाजाला पक्के, एवढंच. ते म्हणाले, "ही पट्टी आई मेलेल्या लेकराची. तुझी आई जिवंत आहे, ती बघ तिथं बसली आहे. जित्या आईच्या लेकरानं ही पट्टी बांधली तर तो जित्या आईला मारतो. मी हे होऊ द्यायचा नाही. हिंमत असेल तर तिनं स्वतः येऊन बांधावी."

न्यार्कोनं मान खाली घातली. तो आईकडे बघेना. त्याला मागायचा धीर नव्हता आणि मागे फिरायचीही तयारी नव्हती.

सेरवा उठली. प्रवासानं पाय सुजलेले, काळं लुगडं उसनं नेसलेली. आजोबांच्या हातातून तिनं पट्टी घेतली. न्यार्को तिच्याहून वीतभर उंच, त्याला वाकावं लागलं. गाठ मारली, पट्टी सारखी केली आणि बोआडू आजोबांना म्हणाली, "आई गेली ना त्याची. मग नको बांधायला?"

आणि माघारी जाऊन बसली ती आमच्या रांगेत नाही. पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांत जाऊन बसली.

मंडळी, मी माझ्या बायकोच्या मयतीला रडलो, ते सगळ्यांनी पाहिलं. पण त्या वेळी मी कुणासाठी रडत होतो, ते माझं मलाच सांगता येणार नाही.

त्यानंतरचं हे एक वर्ष तुम्ही पाहिलंच आहे. या बाईनं आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांची जी सेवा केली, तिच्यासाठीच आजचा सत्कार आहे. तिची एक सवय तुम्हांला ठाऊक आहे. कुणाच्या अंगाला हात लावायच्या आधी विचारते. "आजी, केस विंचरू का तुमचे?" तिकडची शिस्त ती. आपल्या म्हाताऱ्या तिला हसतात. "विचारतेस काय ढमे, विंचर की!" पण दोन दिवसांनी त्याच म्हाताऱ्या सुनेला सुनावतात, "सेरवासारखं विचारून हात लाव."

हीच सवय तिनं घरी आणली. मुलाच्या खोलीचं दार वाजवते. "न्यार्को, आत येऊ का?" म्हणते. आणि न्यार्को काय करतो? उठून उभा राहतो. हातातलं काम खाली ठेवतो, उभा राहतो आणि म्हणतो, "या ना."

मला सांगा, आपल्यातला कुठला मुलगा आईसाठी उठून उभा राहतो? पाहुण्यांसाठी राहतो. इन्स्पेक्टर शाळेत आले तर राहतो. पोकुआ कसलं दार वाजवणार? ढकलून आत यायची, त्याची मळकी विजार उचलायची आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. त्या सात पिढ्या माझ्याच घराण्याच्या, म्हणून मी बाहेरून खाकरायचो. आणि हा गडी अंथरुणावरूनच ओरडायचा, "झोपू दे ना गं!" सुपात मीठ कमी पडलं तर ताट सरकवायचा. दिवसभर दोघं भांडायची आणि रात्री एकाच ताटात जेवायची.

मागच्या महिन्यात सेरवानं सूप केलं. मी पहिला घास घेतला आणि म्हटलं, "अगं, यात मीठ आहे का?"

"तू गप बस दादा. तुझ्यासाठी नाही केलं."

मला वाटलं, विसरली. मग माझ्या लक्षात आलं. ती जेवत नव्हती, न्यार्कोच्या तोंडाकडे बघत होती. मुद्दाम मीठ घातलं नव्हतं तिनं. न्यार्कोनं पहिला घास घेतला. क्षणभर थांबला. मग सगळं ताट निपटून खाल्लं, हात धुतला आणि म्हणाला, "छान झालं होतं. तुम्ही उगाच एवढा त्रास घेतलात."

ती बराच वेळ त्याच्या रिकाम्या ताटाशी बसून राहिली.

त्या रात्रीनंतर तिनं मला सांगितलं, "दादा, मी परत जाते." मी चिडलो. म्हटलं, तिकडं कोण आहे तुझं? तर म्हणाली, "आश्रमात एक म्हातारी आहे. आता कुणालाच ओळखत नाही. माझं नावसुद्धा कधी तिच्या ध्यानात राहिलं नाही. पण मी निघून आल्यापासून ती दुसऱ्या कुणाच्या हातनं खात नाही म्हणे. ताट भिरकावते, शिव्या देते. तिकडच्या मुलींनी कळवलं." मग म्हणाली, "माझ्यावर रागावणारं कुणीतरी आहे, दादा. तिथं जाते."

जन्मभर मुलांना सांगत आलो की बाहेर पडा, जग पाहा, माणूस मोठा होतो. होतो हो. माझी बहीण माझ्या डोळ्यांदेखत केवढी मोठी झाली. एवढी, की आमच्या घराच्या दारातून तिला सहज आत येता येईना. यात चूक कुणाची म्हणावी? न्यार्कोला बोल लावू नका. प्रेम नसतं तर त्यानं ते अळणी सूप संपवलं नसतं. दोघंही एकमेकांना जपतात. जपून जपून दोघं उपाशी राहिली आहेत.

पास्टरसाहेब घड्याळ दाखवताहेत. आटपतो.

नाना, आपण अध्यक्षपद स्वीकारून आमच्या घराचा मान वाढवलात, आपले पाय धरतो. महिला मंडळाचे, बँडवाल्या मुलांचे, आणि मला इतका वेळ सोसलेल्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. घरातली गोष्ट मी भर सभेत मांडली, हा शिष्टाचाराचा भंग झाला. म्हाताऱ्याची जीभ सैल सुटली असं समजून पोटात घाला. सेरवा, तूही माफ कर.

एकच विनंती राहिली. आता नाना सेरवाच्या खांद्यावर वस्त्र घालतील, आणि रिवाजाप्रमाणे सगळं सभागृह उठून उभं राहील. जरूर उभे राहा. ही बाई त्या मानाची आहे. उद्या सकाळच्या बसनं ती जाईल, तेव्हा या वेळी तिला झोपलेल्या लेकराकडे बघत निघायला लागू नये.

न्यार्को, तिसऱ्या रांगेत कडेला बसला आहेस तू, मला दिसतोस. तू उठू नकोस. सगळे उभे राहतील, लोक म्हणतील मास्तरांच्या भाच्याला वळण नाही. म्हणू देत. मामाची आज्ञा आहे. तू तेवढा तिच्यासाठी बसून राहा, बाळा.