आईनं घासलेलं काळं सिंक

आता सांगून टाकतो, नांदेडच्या आमच्या नव्या फ्लॅटात बायकोनं लई हौसेनं काळं ग्रॅनाइटचं सिंक बसवलं. दुकानदारानं बजावलं होतं, फक्त मऊ स्पंज अन् साबण. पण हे आईला कोण सांगणार? बिलोलीच्या घरचं स्टीलचं सिंक ती राखेनं असं घासते, की त्यात बघून कुंकू लावावं.

आई आली त्याच दिवशी बायको बाजारात गेली. मी कामावरून येतो, तर आई घामाघूम, हातात तारेची घासणी.

"दोन तास झाले घासून राहिले, करप निघंना! तुझी बायको हे कधी घासती का न्हाई?"

"आई, ते मुळातच काळं हाय!"

तेवढ्यात बायको आली. सिंकभर पांढरे ओरखडे बघून तिचं तोंड उतरलं.

आई ओशाळली, पण हटंना. "मुळातच काळं? मग सुनेनं घासलंय का न्हाई, सासूला कळावं कसं?"

बायकोनं भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली अन् म्हणाली, "म्हणून तर काळं घेतलं, आत्याबाई!"