चौथं चाक

—तो डाग ना, टायरवरचा? अहो, तो काय, थिनरचं बोट फिरवलं की निघतो. बाटली आणि फडका तिथेच आहे बघा, खिडकीत. बाकी इंजिन ऐकलंत ना? एका किल्लीत चालू झालं. हवं तर तुमच्या मेकॅनिकला दाखवा. एकहाती गाडी आहे, चालवायचो मीच. आमची ही शेजारी बसून ब्रेक मारायची — म्हणजे नुसता पाय दाबायची हो, चटईवर! तिच्या बाजूची चटई झिजलीय बघा, माझी आहे तशीच.

चाकं? मूळचीच, गाडीबरोबर आलेली. नवी नाहीत, रंगवलीत. घरीच, या इथं फरशीवर. गॅरेजवाला म्हणत होता, गंजलीत, बदलून टाका. ही म्हणाली, गंज तर आपल्यालाही चढलाय, मग काय आपल्यालाही बदलणार का? झालं! दुसऱ्या दिवशी मी स्प्रेचे डबे आणि पॉलिश पेपर घेऊन हजर. रोज एक चाक. जॅक लावायचा, चाक काढायचं, साबणानं धुवायचं, मग पॉलिश पेपर — तो घासून घासून हात गळून जातात, सांगतो तुम्हाला — आणि मग रंग. रंगाचा एक हात मारला की दहा मिनिटं थांबायचं, मग दुसरा. घाई केली की ओघळतो, उशीर झाला की नीट धरत नाही. सगळं काम त्या दहा मिनिटांवर. आणि टायरला रंग लागू नये म्हणून लोक कागद लावतात, चिकटपट्टी लावतात — हिनं काय काढावं? आमचा पत्त्यांचा कॅट! रोज दुपारी रमीचे चार डाव ठरलेले, तीस वर्षं. तर पत्ता टायर आणि चाकाच्या मधल्या फटीत आडवा खोचायचा, कडेला कड लावून — तेरा पत्त्यांत चाक बरोबर बंद. तेरा चोक बावन्न! केवढा आनंद तिला, काय विचारू नका. पहिल्या चाकाला बदाम, दुसऱ्याला चौकट, तिसऱ्याला किलवर. खोचायचं काम तिचं, माझी बोटं जाडी. हसू नका, पुढचं ऐका — रंगवलेल्या पत्त्यांना चंदेरी कड आली, समोरच्याच्या हातात काय आहे ते निम्मं दिसायचं. तरी हरायचो मीच.

हो, हे चौथं जरा फिकं आहे. वरचं लॅकर संपलं — संपलं नाही, खोटं कशाला बोलू, भरलेला डबा आहे कपाटात, देतो तुम्हाला. मारायचं राहिलं. झालं काय, त्या दिवशी सकाळपासून ही म्हणत होती, हात भरून आलाय. मी म्हटलं, कालचा पॉलिश पेपर, दुसरं काय? माझे नाहीत का दुखत? ती म्हणाली, तेच असेल. लगेच एकमत बघा — एरवी चहात साखर किती यावरही होत नव्हतं आमचं. बारा पत्ते खोचले तिनं. तेरावा हातातच. मी म्हटलं, अगं, फट राहिली. म्हणाली, मारा तुम्ही तसंच, मी बसते जरा. त्या स्टुलावर बसली. मी पहिला हात मारला — हा डाग त्या फटीतून पडला. मागून म्हणाली, दुखतंय हो. आणि मी — मी घड्याळाकडे बघत होतो — मी म्हटलं, दहा मिनिटं दम धर, दुसरा हात मारला की मलम लावून देतो.

डावा हात होता तो. पॉलिश पेपर ती उजव्या हातानं मारायची. सगळंच उजव्यानं. डाव्यात फक्त पत्ते धरायची. तीस वर्षं समोर बसून बघितला मी तो हात, आणि मला कळू नये?

नाही, पाणी नको. वळून बघितलं तर भिंतीला टेकलेली, घामानं निथळत होती. शेजाऱ्यांचं दार बंद. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर म्हणाले, गाडी निघतेय. आणि माझी गाडी इथं, दारात — तीन चाकांवर, जॅकवर! ओलंच चाक उचललं आणि बसवलं. ही बघा ना, पाच बोटं उमटलीत, माझीच आहेत. मी नट आवळतोय आणि ती स्टुलावरून म्हणते, अहो, रंग ओला आहे, खराब होईल. ते शेवटचं बोलली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. थोडं म्हणजे किती, मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. मुलीला यातलं काही सांगितलं नाही मी, तिला वाटतं एकाएकी झालं. तीच म्हणते, बाबा, विकून टाका गाडी, रोज तिच्याकडे बघत बसता. खरंय तिचं. नर्सनं हिचं घड्याळ दिलं पुडीत बांधून, त्यात पत्ता होता, मुठीतून काढलेला. इस्पिकची सत्ती. त्या डागावर ठेवली तर बरोबर बसते. ठेवून बघतो मी.

जाऊ द्या. तुम्ही गाडी बघायला आलात आणि मी — कागद आणतो आतून, सही केली की — अहो, काय करताय? फडका ठेवा. ठेवा खाली आधी! हो, मीच म्हणालो निघतो म्हणून, मीच म्हणालो. तुम्ही माझ्या भल्यासाठीच करताय, कळतं मला. सरका जरा, बघू द्या... आहे. कडेचा गेला थोडा, पण आहे. नाही, गाडी द्यायची नाही. किमतीचं नाही हो ते, किंमत तुम्ही चांगलीच सांगितलीत. या तुम्ही. जाताना फाटक तेवढं लोटून घ्या.