लाइफटाइम कुणाचा?

आमचा दादा व्यवहाराला पक्का, असं तुमी म्हणताय नव्हं? मग ह्ये ऐका.

आमच्या आबांना, म्हंजे वडलांना, उपग्रहावरच्या रेडिओचं लय याड. फौजेतनं आल्यापासनं दिवसभर गाणी. त्याची वर्गणी भरायला गेलो, तर विश्रामबागेतला दुकानदार म्हणाला, "चार वर्षांच्या पैशात लाइफटाइम देतो, जल्मभर परत भरायचं न्हाई." मी दुकानातनंच दादाला फोन लावला. त्याचा परमुलखात गलाईचा धंदा; सोनं गाळायचं, कसाला लावायचं. घरात त्याच्या शब्दाबाहेर कोण जात न्हाई.

दादा म्हणाला, "आरं, आबांचं वय बघ की! चार वर्षं तरी वसूल हुत्याल का? उगं जोखीम नको. वर्षाचंच घे."

फोन स्पीकरवर, आन् आबा माझ्या शेजारी.

आबा दुकानदाराला शांतपणे म्हणाले, "वर्षाचंच करा. पोरगं गलाईवालं हाय, बापालाबी कसाला लावलंय त्यानं."

वर्ष सरायच्या आत रेडिओची कंपनीच बुडाली. दादाचा लगेच फोन. "बघा आबा, माझं ऐकलं म्हणून वाचलासा!"

आबा म्हणाले, "व्हय रं बाबा. हिशेब बरोबर आला तुझा. फकस्त मरणाऱ्याचं नाव चुकलं."