जोनासची तीन मुलं

हेस्टर: कबरीच्या दगडावर नाव असेल तर नोंदीचं कार्ड होतं. दगडच नाही, तर मी कार्ड कशाचं करू? बावीस वर्षं आमचं वंशावळ मंडळ हेच करतंय, न्टाटे लेबेको. दर शनिवारी एक कबरस्तान. गवत कापायचं, दगड घासायचा, फोटो काढायचा, नाव उतरवून घ्यायचं.

त्सेलिसो: हे तुम्ही मार्चमध्येही सांगितलंत, टानी हेस्टर. आणि जूनमध्येही.

हेस्टर: आणि तरी आलात.

त्सेलिसो: तीस वर्षं शाळेत शिकवलंय. एकच गोष्ट तीनतीनदा ऐकायची सवय आहे. बाहेर खुर्च्या कसल्या मांडतायत?

हेस्टर: उद्या स्मारकाचं अनावरण आहे. इंग्रजांशी लढाई झाली त्याला शंभर वर्षं झाली. त्यांनी आम्हा गोऱ्या शेतकऱ्यांची बायकामुलं छावणीत कोंडली, तिथं मेलेल्यांची चारशे बारा नावं. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांवरून मी स्वतः जुळवलीत.

त्सेलिसो: वाचली मी. मोठी मेहनत आहे. नदीच्या अलीकडे तुम्हा गोऱ्यांची छावणी, पलीकडे आम्हा काळ्यांची. गोवर दोन्हीकडे एकच. माझ्या आजीची तीन मुलं तिथं गेली. मोलेफी आठ वर्षांचा, तेबोहो पाच, दिबुसेंग तीन. आजोबांना, जोनासना, इंग्रजांनी रेल्वेच्या कामावर जुंपलेलं. आजी तापात पडलेली. उठून बसली तेव्हा सांगितलं, तिन्ही गेली.

हेस्टर: ठाऊक आहे मला.

त्सेलिसो: माझी आई त्यांच्या नंतरची. एकोणनव्वद वर्षांची आहे. आजीनं मरताना तिच्याकडून वचन घेतलं, माझ्या पोरांना घरी आण. आम्हाला दगड नको, टानी. जागा सांगा. मूठभर माती उचलू, नाव घेऊन हाक मारू, घरी नेऊ. म्हातारीचं एवढंच राहिलंय. ती बाहेर गाडीत बसलीय.

हेस्टर: आईंना घेऊन आलात? ह्या थंडीत?

त्सेलिसो: ऐकते कुठं! म्हणाली, मी समोर उभी राहिले की ती बाई नाही म्हणायची नाही.

हेस्टर: दार लोटून घ्या.

त्सेलिसो: का?

हेस्टर: घ्या हो लोटून. अध्यक्ष येतील इतक्यात. अध्यक्ष म्हणजे माझा भाऊच. त्याच्यासमोर माझ्या तोंडून निघायचं नाही. माझ्याकडे एक वही आहे. नदीपलीकडच्या छावणीची, इंग्रज कारकुनानं लिहिलेली.

त्सेलिसो: कधीपासून आहे?

हेस्टर: अकरा वर्षं. वडील गेले तेव्हा त्यांच्या पेटीत निघाली.

त्सेलिसो: म्हणजे मार्चमध्ये तुम्ही मला चहा दिलात, बिस्किटं दिलीत, एकेक खण ओढून दाखवलात, "बघा, काही नाही"...

हेस्टर: हो.

त्सेलिसो: आणि वही घरी होती.

हेस्टर: ह्या पिशवीत होती. तुम्ही यायचा दिवस असला की आणते, आणि परत नेते. भाऊ म्हणतो, जाळून टाक.

त्सेलिसो: वाचा.

हेस्टर: मोलेफी. बाप जोनास, वय आठ. गोवर. तीन ऑक्टोबर एकोणीसशे एक. त्याच्याखाली दुसरा मुलगा, नाव धड लिहिलेलं नाही, पण बाप जोनास, वय पाच. पाच ऑक्टोबर. पुरल्याची जागासुद्धा दिलीय. क्लिपक्रालच्या शेताचा वरचा तुकडा.

त्सेलिसो: कुणाचं शेत?

हेस्टर: आमचं. माझ्या आजोबांनी शरण जाऊन बंदूक खाली ठेवली होती म्हणून इंग्रजांनी ते बाकीच्यांसारखं जाळलं नाही. कबरींवर दगड रचलेले होते. माझ्या वडिलांनी ते उचलून मेंढवाड्याची भिंत घातली आणि तिथं नांगर फिरवला. मका असतो आता.

त्सेलिसो: म्हणून लपवलीत.

हेस्टर: तेवढंच असतं तर मार्चमध्येच सांगितलं असतं.

त्सेलिसो: मग दिबुसेंगचं वाचा.

हेस्टर: ती मेलेल्यांच्या यादीत नाही.

त्सेलिसो: लिहायला विसरले?

हेस्टर: शेवटच्या पानावर आहे. "मुलगी, वय तीन, बाप जोनास. आई जगण्याची आशा नाही. क्लिपक्रालच्या मालकांना घरकामासाठी दिली." खाली माझ्या आजोबांची सही.

त्सेलिसो: तीन वर्षांची. घरकामाला.

हेस्टर: घरात तिला लीना म्हणायचे. आठ वर्षांची असताना तिनं माझ्या वडिलांना पाठीवर बांधून फिरवलं. पुढं मला.

त्सेलिसो: तुम्हाला?

हेस्टर: माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द तुमच्या भाषेतला होता, न्टाटे. आई महिनाभर धुमसत होती म्हणे.

त्सेलिसो: तिला ठाऊक होतं, ती कुणाची?

हेस्टर: तिला सांगितलं होतं, तुझी सगळी माणसं छावणीत मेली.

त्सेलिसो: त्या धांदलीत चूक झाली असेल. आजीलाही तेच सांगितलं. कारकुनाला वाटलं असेल, बाई जगत नाही.

हेस्टर: मलाही तसंच वाटायचं. मग पेटीतली रोजनिशी वाचली. आजोबांची. जून एकोणीसशे तीन. "आज एक काळी बासुटो बाई आली. जोनासची बायको म्हणते. मुलांच्या कबरी विचारत होती. ठाऊक नाही म्हणालो. बायकोनं लीनाला दुधाच्या खोलीत नेऊन कडी लावली. बाईला भाकरी देऊन वाटेला लावलं."

त्सेलिसो: ती भाकरी.

हेस्टर: काय?

त्सेलिसो: आजी सांगायची. दिवसभर चालून चालून एका शेतावर पोचले, तिथल्या गोऱ्या बाईनं मला भाकरी दिली. भली माणसं होती म्हणायची. मरेपर्यंत म्हणायची. दुधाची खोली दारापासून किती लांब?

हेस्टर: ह्या टेबलापासून त्या कपाटाइतकी.

(त्सेलिसोची आई मोसिडी काठी टेकत आत येते.)

मोसिडी: गोठले की रे मी गाडीत. काय म्हणते ही? मिळाली का पोरं?

त्सेलिसो: आई, आधी बस.

मोसिडी: बसून बसूनच आलेय. तू बोल गं, बाई.

हेस्टर: (त्यांच्या भाषेत) म्मे, दोघांची जागा सापडलीय. मी दाखवते, आजच. दिबुसेंग तेव्हा गेली नाही. ती जगली. आमच्या घरी होती. एकोणीसशे एकसष्टला गेली.

मोसिडी: आमची भाषा कुणी शिकवली तुला?

हेस्टर: तिनंच.

मोसिडी: एकसष्ट. म्हणजे आई गेली त्याच्यानंतर सात वर्षं. त्सेलिसो, तुला कळतंय का? माझी बहीण होती. मी घरात एकटी वाढले आणि माझी थोरली बहीण होती.

त्सेलिसो: कळतंय, आई.

मोसिडी: लग्न झालं तिचं? पोरंबाळं?

हेस्टर: नाही. रेल्वेतला एक माणूस यायचा रविवारी. चांगला होता. माझ्या आजीनं त्याला फाटकात पाऊल टाकू दिलं नाही.

मोसिडी: हसायची का?

हेस्टर: तोंडावर हात धरून हसायची.

मोसिडी: आईसुद्धा. गेली तेव्हा जवळ कोण होतं?

त्सेलिसो: आई, ते आता कशाला...

मोसिडी: तू गप रे. बोल, बाई.

हेस्टर: कोणी नव्हतं. डिसेंबर होता. आम्ही सगळे तीन आठवडे समुद्रावर गेलो होतो. जायच्या आदल्या दिवसापासून तिला खोकला होता. मी तिला म्हटलं, औषध पाठवते. पाठवलं नाही. परत आलो तेव्हा गड्यांनी तिला पुरून दहा दिवस झाले होते.

मोसिडी: बरं.

त्सेलिसो: पाणी देऊ का, आई?

मोसिडी: पाणी नको. काठी दे. मक्यात मागून जाऊ, ते दोघं एकमेकांजवळ आहेत. आधी दिबुसेंगच्या कबरीकडे.

हेस्टर: मी... मी आलेलं चालेल तिथं?

मोसिडी: वाट तुलाच ठाऊक आहे. गाडीत पुढं बस.